भाजलेली कंदमुळं: ट्रेमध्ये पाणी का सुटतं आणि ताटात त्यांची जागा कोणती

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "रात्रीच्या जेवणातलं तळण बंद केलं आणि त्याऐवजी रताळं, गाजर, बीट, बटाटा ओटीजीत (घरगुती छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) भाजायला लागले. पण कधी सगळं ओलं, वाफवल्यासारखं होतं, तर कधी कडा करपतात आणि आत कच्चं राहतं. यजमानांना मधुमेह आहे, सासूबाईंना चावत नाही. तेल किती घालायचं? आणि मुळात हे मधुमेहात चालतं का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. रुग्णालयाच्या आहारविभागात रोज हाच घोळ निस्तरावा लागतो. "मॅडम, तळलेलं काही खात नाही, भाजलेलंच खातो, तरी साखर वाढली" असं म्हणत लोक येतात. तेल कमी केलेलं असतं ते खरं, पण ताटात भर कशाची पडली ते कुणी पाहिलेलं नसतं.

आपल्या ताटात प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. समोर पोळी आणि भात. गाजर, बीट, मुळा, सलगम भाजून डावीकडे वाढा नाहीतर उजवीकडे, हरकत नाही. रताळं, बटाटा, सुरण, कोनफळ, अळकुड्या मात्र जमिनीखालून येत असल्या तरी हिशेबात पोळी-भाताच्या रांगेतल्या आहेत. १०० ग्रॅम कच्च्या रताळ्यात साधारण २० ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत असतात जवळपास तितकीच. तेवढ्याच वजनाच्या गाजरात किंवा बिटात त्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी. तेव्हा वाटीभर भाजलेलं रताळं 'भाजी' म्हणून वाढलं आणि सोबत नेहमीच्या तीन पोळ्या झाल्या, तर चार-साडेचार पोळ्यांचं जेवण झालं. रताळं बिचारं निर्दोष आहे. ते वाढायचं असेल त्या दिवशी एक-दीड पोळी कमी करायची, एवढाच नियम. वजन कच्च्याचंच करा. भाजल्यावर पाणी उडून जातं आणि तोच ऐवज हलका भरतो, मग माणूस फसतो.

यजमानांसाठी आणखी एक गोष्ट. ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने चढते त्याचा आकडा, मोजला की उकडलेल्या रताळ्यापेक्षा भाजलेल्या रताळ्याचा बराच जास्त येतो. रताळ्यात पिष्टाची (स्टार्चची) साखर करणारं एक विकर (एन्झाइम) असतं आणि साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान ते जोरात काम करतं. चुलीतला विस्तव विझत आल्यावर फुफाट्यात पुरून ठेवलेलं रताळं इतकं गोड का लागतं, तर ते त्या टप्प्यातून सावकाश सरकतं आणि विकराला भरपूर वेळ मिळतो. साल फुटून जो चिकट पाक बाहेर येतो, ती तिथेच तयार झालेली साखर. खायला त्याच्यासारखं दुसरं नाही, पण मधुमेहींनी ते चवीपुरतं घ्यावं. रोजच्यासाठी रताळं सालासकट उकडा, पूर्ण गार होऊ द्या, जाड चकत्या करा आणि कडकडीत तापलेल्या बिडाच्या तव्यावर दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत परता. गार झाल्यावर थोडं पिष्ट असं बदलतं की ते पचायला जड जातं आणि साखर जरा हळू चढते. फरक फार मोठा नाही, पण भाजल्याचा स्वाद मिळतो आणि नुकसान कमी. जेवणाला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर एकदा बघा. कुणाला किती रताळं सोसतं ते पुस्तकापेक्षा त्यावर लवकर कळतं.

आता ट्रेमधल्या पाण्याकडे येऊ.

भाजणं म्हणजे आधी पाणी घालवणं. गाजर-बिटात वजनाच्या ८७-८८ टक्के पाणी असतं, मुळ्यात तर ९५ टक्क्यांच्या आसपास. बटाटा-रताळ्यात पाऊणशे टक्क्यांहून थोडं जास्त. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर चढत नाही, आणि तांबूस रंग व खमंग वास यायला साधारण १४० अंश तरी लागतात. म्हणून तुमचा ओटीजी २०० वर असला तरी फोडी ओल्या असतील तर बराच वेळ त्या नुसत्या शिजतात. धुतल्यावर पंचाने कोरड्या पुसा. चाळणीत निथळून भागत नाही. मीठ लावून फोडी बाजूला ठेवायची आपल्याला सवय असते. इथे ती मोडा, कारण मीठ पाणी ओढून घेतं. तेल आणि मीठ ट्रे आत जायच्या आधी, अगदी शेवटच्या मिनिटाला.

दुसरं कारण दाटी. घरातले ओटीजी लहान, त्यात आपण चार माणसांचं एकदम उरकायला बघतो. अर्धा किलो फोडी एका छोट्या ट्रेवर रचल्या की खालच्यांची वाफ वरच्यांना लागते आणि सगळ्यांची मिळून उकड होते. फोडींमध्ये बोटभर जागा हवी. मावत नसेल तर दोन घाणे काढा. साधारण बाराव्या-पंधराव्या मिनिटाला दार उघडलं की तोंडावर वाफेचा भपकारा येतो, चष्मा असेल तर धुरकटतो. ती वाफ जाऊ द्या, फोडी उलथ्याने परता आणि दार लावा. शेवटच्या दहा मिनिटांत आवाज बदलतो: आधी फसफस असते, पुढे बारीक तडतड ऐकू येते. कडांना सुरकुत्या पडलेल्या दिसल्या, सुरी सहज आत गेली, की झालं.

करपतं आणि आत कच्चं राहतं, त्यामागे बहुधा ओटीजीतली तापणारी कांडी असते. लहान ओटीजीत वरची कांडी ट्रेपासून चार बोटांवर असते, ती बाहेरून जाळते आणि आत उष्णता पोचायला वेळच मिळत नाही. ट्रे मधल्या खणात ठेवा, खालची-वरची दोन्ही कांड्या चालू ठेवा, १०-१५ मिनिटं आधी तापवून घ्या. चकतीवरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. लहान ओटीजीत २००ऐवजी १८०-१९० वर पाच-सात मिनिटं जास्त ठेवलेलं परवडतं. एअर फ्रायरमध्ये हवा खेळती असल्याने पाणी लवकर उडतं, तिथे १८० अंशांवर ओटीजीपेक्षा कमी वेळ लागतो. पण टोपलीतली दाटी तिथेही तितकीच नडते. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये भाजलं जात नाही, शिजतं. ज्यांच्याकडे तेवढंच आहे त्यांनी त्यात अर्धवट शिजवून पुढचं तव्यावर करावं.

फोडींचा आकार सगळ्यांचा सारखा ठेवायचा नसतो. बीट हट्टी, त्याच्या फोडी दीड सेंटिमीटरच्या करा. रताळं आणि बटाटा अडीचच्या. गाजराचे तिरके, दोन सेंटिमीटर जाडीचे तुकडे. २०० अंशांवर गाजर आणि रताळ्याला २५ ते ३० मिनिटं पुरतात, बीट आणि बटाट्याला ३५ ते ४०. म्हणून बीट-बटाटा आधी आत घाला आणि दहा मिनिटांनी बाकीचं टाका. बीट एका कोपऱ्यात वेगळं, बटर पेपरची घडी घालून, नाहीतर सगळा ट्रे गुलाबी होतो. मुळा बरोबर टाकलात तर तो निम्म्याहून लहान होऊन निघेल, त्यामुळे तुकडे जाड ठेवा. उष्णतेने त्याचा झणका जवळजवळ जातो. कोशिंबिरीत मुळा न खाणारी माणसं भाजलेला मुळा मुकाट्याने खातात.

तेल: अर्धा किलो भाज्यांना एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १४ ग्रॅम. चार जणांत वाटलं तर माणशी चार ग्रॅमसुद्धा नाही, ३०-३२ कॅलरी. तेल ट्रेवर ओतायचं नाही. परातीत फोडींना हाताने चोळायचं, तरच तेवढ्यात भागतं. अजिबात तेल नको हा आग्रह मला पटत नाही. गाजरातलं आणि केशरी गराच्या रताळ्यातलं बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते) शरीरात शोषलं जायला थोडी स्निग्धता लागते. आपलं शेंगदाण्याचं तेल उत्तम, त्यासाठी ऑलिव्ह ऑइलची बाटली आणायची गरज नाही. घाण्याचं तेल रिफाइंडपेक्षा लवकर धुरावतं, ते वापरत असाल तर १८० वरच भाजा. उपासाला तूप.

केशरी रताळ्याचा विषय निघालाच आहे तर: आपल्या बाजारात लाल सालीचं आणि पांढऱ्या गराचं रताळं जास्त मिळतं, त्यात बीटा-कॅरोटीन नगण्य असतं. परदेशी लेखांत वाचलेले गुण त्याला चिकटवू नका. तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने 'भू सोना' नावाचा केशरी गराचा आणि 'भू कृष्णा' नावाचा जांभळ्या गराचा वाण दिला आहे. मिळाला तर जरूर घ्या. थंडीतलं लाल दिल्ली गाजर मात्र आपल्याकडे मुबलक असतं, त्याचा लाल रंग टोमॅटोसारखाच लायकोपीन या रंगद्रव्याचा. भाजायला मी तेच निवडते. बारमाही केशरी गाजरापेक्षा ते गोड निघतं. फक्त मधला दांडा जून झाला असेल तर काढून टाकायचा.

मसाला शेवटी. तिखट, लसूण पूड, गोडा मसाला आधी लावला की २०० अंशांवर वीस मिनिटांत काळा पडतो आणि कडवट चव सगळ्याला लागते. आधी फक्त तेल-मीठ, फार तर ओवा किंवा जिरं. ट्रे बाहेर आल्यावर, फोडी गरम असतानाच, तीळकूट किंवा कारळ्याची चटणी भुरभुरा. जवसाचीही छान लागते. बिटावर लिंबू हवंच. त्याचा तो मातकट वास ज्या संयुगामुळे येतो ते आंबटात मोडतं. मी बीट-गाजरावर घट्ट दह्यात कालवलेलं मेतकूट घालते आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर देते. पोटभर होतं.

सुरणाचं वेगळं सांगायला हवं, कारण ते थेट ओटीजीत टाकून घसा धरलेली मंडळी दर दिवाळीनंतर भेटतात. सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कोरड्या उष्णतेने त्यांचा पुरता बंदोबस्त होईल याची खात्री नाही. हाताला तेल लावून साल जाडसर काढा, दीड सेंटिमीटरच्या फोडी करा, चिंच किंवा आमसुलं घातलेल्या मिठाच्या पाण्यात बारा आणे शिजवा आणि ते पाणी फेकून द्या. फोडी पंचावर पसरून कोरड्या झाल्या की तेल लावून २०० वर वीसेक मिनिटं. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊसूत होतात, काप तळायची आठवण राहत नाही. 'गजेंद्र' वाण कमी खाजरा असतो, पण भाजीवाल्याला वाणाचं नाव माहीत असेलच असं नाही, म्हणून चिंच घालाच. अळकुड्याही आधी सालीसकट उकडायच्या, सोलून तळहाताने किंचित चेपायच्या आणि ओवा लावून भाजायच्या. चेपल्याने जे वेडेवाकडे काठ होतात तेच कुरकुरीत लागतात. कोनफळ आणि करांदे उकडून मग तव्यावर. रानातले ओळखीचे नसलेले कंद मात्र उगाच हौस म्हणून आणू नका. कडू कंदाच्या चकत्या करून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून त्यांचा कडूपणा काढायची जी रीत आदिवासी बायकांना ठाऊक असते ती आपल्याला येत नाही.

ओव्हन नसलेल्यांनी हळहळू नये. रायगडात, अलिबाग-पेण-रोह्याकडे, थंडीत पोपटी (मडक्यात शेंगा-कंद भाजायचा बेत) लागते ती पाहिली असेल तर उघड्यावर भाजणं आणि झाकून शिजवणं यातला फरक लगेच कळेल. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मध्ये बटाटे आणि रताळी, कुणी अंडी आणि केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडीही घालतं, आणि तोंडाशी पुन्हा पाला गच्च दाबून मडकं उपडं. भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. पाण्याचा थेंब नाही, तेलही नाही. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा हबका मारला की चर्र आवाज येतो, मग जाळ बाजूला करायचा. आतली रताळी शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवर शिजलेली असतात. खमंग डाग पडतो तो फक्त मडक्याच्या भिंतीला टेकलेल्या बाजूला. तुमच्या भरगच्च ट्रेमध्ये नेमकी हीच पोपटी होते आहे, फक्त भांबुर्ड्याच्या वासाशिवाय.

तव्यावर झाकून शिजवणं आणि उघडं भाजणं या दोन्ही गोष्टी आपल्या हातात राहतात. बिडाचा जाड तवा मध्यम आचेवर तापवा, दोन चमचे तेल, फोडी एका थरात. झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं, तेवढ्यात त्या स्वतःच्या वाफेवर आतपर्यंत शिजतात. मग झाकण काढा, झाकणाला धरलेलं पाणी तव्यात सांडू देऊ नका, आच थोडी वाढवा आणि हलवू नका. हलवू नका हे मुद्दाम दोनदा लिहिलं असतं, कारण आपला हात उलथन्याकडे जातोच. तीन मिनिटांनी एक फोड उलटून बघा. तांबूस असेल तर बाकीच्या उलटा.

तांबूसच, काळी नको. पिष्ट असलेले पदार्थ १२० अंशांच्या वर कोरडे भाजले-तळले की त्यांत ॲक्रिलामाइड नावाचं, अपायकारक मानलं जाणारं रसायन तयार होतं, हे २००२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी पुढे आणलं. रंग जितका गडद तितकं ते जास्त. माणसांत त्याचा नेमका किती अपाय होतो यावर अजून काम चालू आहे, घाबरून भाजणं सोडायचं कारण नाही. बटाट्याबाबत दोन सवयी लावून घ्या. बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने त्यांत साखर वाढते आणि मग ते लवकर काळवंडतात. आणि चिरल्यावर फोडी १५-३० मिनिटं पाण्यात बुडवून, मग कोरड्या पुसून भाजा. करपलेले कोपरे काढून टाका. वाया गेले तर गेले.

सासूबाईंसाठी निराळा पदार्थ करत बसू नका. त्याच ट्रेमधली गाजरं आणि थोडं बीट पाच-दहा मिनिटं जास्त ठेवा, सोलून काट्याने मोडा आणि भरीत करा: दही, मीठ, चिमूटभर साखर किंवा तीही नको, बारीक चिरलेली कोथिंबीर, वर मोहरी-हिंग-हिरव्या मिरचीची फोडणी. दाण्याचं कूट दाताखाली येत असेल तर वगळा, नाहीतर अगदी बारीक करून घाला. बीट अख्खं भाजायचं असेल तर ओल्या बटर पेपरमध्ये आणि वरून फॉइलमध्ये गुंडाळून २०० वर तासभर ठेवा, साल अंगठ्याने सरकते. दुसऱ्या दिवशी लघवी लालसर झाली तर घरात गोंधळ नको म्हणून आधीच सांगून ठेवा, ती बिटाची करामत असते. मात्र बीट न खाताही तसं दिसलं तर डॉक्टरांकडे जा.

तुमच्या घरी मधुमेह आहे म्हणून हे विचारून ठेवते: यजमानांची मूत्रपिंडाची तपासणी, क्रिएटिनिन वगैरे, या वर्षात झाली आहे का? मूत्रपिंडाचं काम मंदावलेल्यांना पोटॅशियम मोजून खावं लागतं. कंदमुळांत ते भरपूर, आणि भाजताना ते कुठेच जात नाही, सगळं फोडीतच राहतं. अशांनी भाज्या बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून, पाणी टाकून देऊन मग तव्यावर परताव्यात, तेही आपल्या आहारतज्ज्ञाने ठरवून दिलेल्या प्रमाणात. ऑक्झलेटचे मुतखडे होणाऱ्यांनी बीट रोज खाऊ नये, आणि सुरणही बेतानेच.

उरलेलं झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतं, पण कुरकुरीतपणा परत येत नाही. ते पुन्हा ओटीजीत घालू नका, कुस्करून भाजणीच्या थालिपिठात घाला. रताळ्याचं असेल तर त्या दिवशी भाजणी थोडी कमी घ्या, हिशेब तोच.